थांब म्हणणारी तार

"जयराज, ह्यात नवरदेव कुठं हाय रं?"

विजूआत्याची बोटं कागदाच्या मधोमध थांबली होती. जाड पांढऱ्या कागदावर उमटलेले ठिपके, त्यांवर टेकलेल्या दोन्ही हातांच्या तर्जन्या, आणि चेहऱ्यावर फुटू पाहणारं हसू. जयराज समोर उभा होता तो शाबासकीच्या तयारीनं. सकाळपासून खपून त्यानं ते धूड यंत्र चालू केलं होतं आणि कागद कसा गच्च भरून बाहेर आला होता. आता त्यात नवरदेव नाही म्हणजे काय?

"असंल की, आत्या. नीट बगा."

"बगायला मला डोळं कुठं हायती? हातानंच सांगतीया. चौथ्या कडव्यात अंकी साळंत गेली, मोठी झाली, पुण्याला नोकरीला लागली. पाचव्यात कवठे महांकाळचा शंभूराज यायचा. त्यो आलाच न्हाई. चौथ्यातनं एकदम सासू-सासऱ्यांस्नी नमस्कार. बोहल्यावर नवरी एकटीच हुबी हाय बघ."

सोप्यावर हशा पिकला. जिचं लग्न होतं ती अंकिता पोट धरून हसली. तिची आई राहीबाई पदर तोंडाशी धरून हसली. आणि पलंगावर बसलेले सुभेदार हंबीरराव, या मंगलाष्टकांचे कवी, तेही हसले. म्हणजे त्यांचे खांदे हलले, डोळे बारीक झाले, आवाज मात्र आला नाही. गळ्याभोवती गुंडाळलेल्या मऊ पंच्याच्या आतून नुसती वाऱ्याची फुसफुस ऐकू आली.

जयराजला काही हसता आलं नाही. त्यानं कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. त्याला सगळे ठिपके सारखेच दिसत होते.

उंब्रजच्या पंचक्रोशीत त्याला काटेवाला जयराज म्हणत. वजनाचे इलेक्ट्रॉनिक काटे दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. हायवेच्या कडेला एक गाळा, एक मोटरसायकल आणि खांद्याला तारांनी फुगलेली पिशवी. लोणंदच्या कांदा बाजारापासून कवठे महांकाळच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजपर्यंत कुठंही काटा मुका झाला, की जयराजला फोन जायचा. माणूस गुणी, पण बोलायला लागला की समोरच्याला 'हं' म्हणायलाही फट सापडायची नाही. त्याची बायको पूजा म्हणायची, "ह्यांच्याशी बोलायचं म्हंजी पुराच्या वढ्यात उतरायचं. आपुन बोलायच्या आधीच वाहून गेल्यालं असतुया."

या काट्यांच्या पाठीमागे नऊ टाचण्यांचं एक लहानसं तोंड असतं. त्याला सीरियल पोर्ट म्हणतात. काटा त्यातून आपलं वजन बोलत राहतो आणि कॉम्प्युटर ते ऐकून पावती छापतो. यात अवघड काही नाही. अवघड असतात ते कॉम्प्युटर. दूध संस्थेत एका जातीचा, कारखान्याच्या ऑफिसात दुसऱ्या जातीचा, चेअरमनच्या पोराच्या टेबलावर तिसऱ्याच. पोर्ट तेच, पण विंडोजवाला त्याला एका नावानं हाक मारणार, लिनक्सवाला दुसऱ्या, आणि मॅकवर तर ते नाव इतकं लांबलचक की म्हणेपर्यंत चहा निवावा. माहेरच्या सुमनची सासरी शुभांगी व्हावी तसला प्रकार. ओळ संपली हे सांगायची रीतसुद्धा घरोघरी निराळी. एकाला एक खूण पुरते, दुसऱ्याला दोन लागतात.

पूर्वी जयराज प्रत्येक ठिकाणी वेगळा प्रोग्राम लिहायचा, आणि पुढच्या वर्षी मालकानं कॉम्प्युटर बदलला की सगळं मुसळ केरात. मग एका पावसाळ्यात, कामं थंड असताना, त्यानं हट्टानं एकच स्क्रिप्ट, म्हणजे सगळीकडं चालेल असा छोटा प्रोग्राम, लिहायला घेतली. ती सुरू झाल्याबरोबर आधी पाहायची, आपण कुणाच्या घरात आलोय, आणि मग त्या घरच्या रीतीनं पोर्टला हाक मारायची, त्या घरच्या रीतीनं ओळ संपवायची. तिचं त्याला पोटच्या लेकीएवढं कौतुक. "कुठंबी द्या, नांदतीया," असं तो गिऱ्हाइकाला सांगायचा, आणि गिऱ्हाईक काही न कळता मान डोलवायचं.

हंबीरराव त्याचं जुनं गिऱ्हाईक. फौजेतून सुभेदार होऊन परतल्यावर ते गावच्या दूध संस्थेचे चेअरमन झाले होते, आणि संस्थेचा काटा दर पावसाळ्यात रुसायचा. त्यांचा आवाज असा, की संस्थेच्या दारातून हाक दिली तर ओढ्यापलीकडे उसाला पाणी पाजणारा गडी ओ द्यायचा. रोज सकाळी हाच आवाज सोप्यावर बसून धाकट्या बहिणीला पेपर वाचून दाखवायचा. विजयमाला जन्मापासून आंधळी. लहानपणी सांगलीला अंधांच्या शाळेत राहून शिकली, ब्रेल शिकली, आणि परत येऊन भावाच्या घरात राहिली ती म्हशीची धार काढण्यापासून अंकिताला पाढे शिकवण्यापर्यंत सगळं अंगावर घेऊनच. साऱ्या गावाची ती विजूआत्या. पेपर वाचता वाचता हंबीरराव मधेच एखाद्या मंत्र्याला फौजी शिव्या हासडायचे, बहीण मुद्दाम त्या मंत्र्याची बाजू घ्यायची, वाद पेटायचा, तेवढ्यात चहा यायचा. त्यांचा दिवस असा उजाडायचा.

मग हंबीररावांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला.

आणि घरात असा काही पेच पडला, की कुणाच्या स्वप्नातही आला नसता. भावाला बोलता येईना आणि बहिणीला दिसेना. तो पाटीवर लिहायचा, पण ते तिच्यापर्यंत पोचायला मधे तिसरा माणूस लागायचा. राहीबाई वाचून दाखवायच्या, पण शिव्या गाळून. अंकितानं पुण्याहून येऊन मोबाईलवर सोय केली; लिहिलेलं तो मोठ्यानं वाचून दाखवायचा. पहिल्याच दिवशी हंबीररावांनी लिहिलं, 'विजू, म्हस आटली का गं?' आणि मोबाईलमधल्या बाईनं ते अशा काही थाटात वाचलं, की मंत्रालयातून निवेदन आल्यासारखं वाटलं.

"ही कोण बया?" विजूआत्या म्हणाली. "माझा दादा असा बोलतो व्हय? बंद करा ती. तिच्या तोंडनं मला माझा भाऊ आयकायचा न्हाई."

तेव्हापासून सकाळचा पेपर घडी न मोडता पडून राहू लागला. बहीण-भाऊ एकाच सोप्यावर बसायचे, एकमेकांचा चहा फुंकल्याचा आवाज ऐकायचे, आणि उठून आपापल्या कामाला लागायचे.

अशात अंकिताचं लग्न ठरलं. या भागात घरच्यांनी रचलेली मंगलाष्टकं घरच्यांनीच माईकवर म्हणायची हौस दांडगी. मांडवात भटजींपेक्षा आत्या-मावश्यांचाच आवाज चढा असतो. हंबीररावांनी लेकीसाठी आठ कडवी लिहिली. म्हणणार कोण, असा प्रश्न निघाल्यावर त्यांनी पाटीवर लिहिलं, 'विजू म्हणंल.' अंकिता म्हणाली, मी वाचते, आत्या पाठ करेल. तिनं एकदा वाचलीही. पण विजूआत्यानं मान हलवली.

"तुमी सांगायचं आणि मी पोपटावानी घोकायचं, त्यात दादाचं काय ऱ्हायलं? मला त्येनं लिवल्यालं वाचायचं हाय. साळंत ठिपक्याचं यंत्र हुतं. त्येचं कायतरी बगा."

शाळेत आता नवं यंत्र आलं होतं. जुनं छापयंत्र कपड्याखाली झाकून ठेवलेलं. तिथल्या भार्गवीबाई म्हणाल्या, "घेऊन जा. नव्या कॉम्प्युटरला ते जोडताच येत नाही, म्हणून पडून आहे." जयराजनं पाठीमागे वाकून पाहिलं तर तेच ओळखीचं नऊ टाचण्यांचं तोंड. आपल्याच गोतावळ्यातलं निघालं म्हणून त्याला इतका आनंद झाला, की सांगलीहून उंब्रजपर्यंत टेम्पोवाल्याला त्यानं सीरियल पोर्टची साद्यंत कुंडली ऐकवली. भार्गवीबाईंनी दिलेल्या तक्त्यावरून कुठल्या अक्षराला कुठले ठिपके, हे त्यानं स्क्रिप्टमध्ये भरलं. आणि इतकं करून पाचव्या कडव्यातला नवरदेव गायब.

"परत काढ," विजूआत्या म्हणाली.

यंत्र पुन्हा सुरू झालं. छोट्या हातोड्यांनी ते कागद आतून ठोकायचं आणि सगळं घर दणाणायचं. हंबीररावांनी पाटीवर लिहून दाखवलं, 'एलएमजी.' आपल्या पलटणीतली मशीनगन त्यांना आठवली होती.

दुसरा कागद आला. विजूआत्यानं तो मांडीवर पसरला आणि जयराज तिच्या हातांकडे पाहत राहिला. मघाशी तो कौतुकाची वाट पाहण्यात गुंग होता, आता त्याला पहिल्यांदा दिसलं. उजवी तर्जनी ओळीवरून पुढे सरकत होती आणि डावी पुढच्या ओळीची सुरुवात शोधून तिथं थांबत होती. बोटं दाबत नव्हती, घासत नव्हती, नुसती चालत होती. आणि त्यांच्याबरोबर तिचा चेहरा बदलत होता. अंकिता रांगायला लागली त्या कडव्यावर तो उजळला, पुण्याच्या नोकरीवर जरा ताठ झाला. जयराजनं जन्मभर तारांतून आकडे वाहताना पाहिले होते. शब्द माणसाच्या आत उतरताना तो आज पाहत होता, आणि त्याला श्वास जपून घ्यावासा वाटला.

"आता नवरदेव आला," ती म्हणाली. "पर सासू गेली. आणि शेवटच्या कडव्यात शुभमंगल हाय, सावधान न्हाई."

जयराज ओशाळला. "आत्या, स्क्रिप्टमदी सगळं हाय. मी डोळ्यानं बगितलंय."

"तू धाडतोस सगळं, त्येला पोचत न्हाई. आयक. पयलं पानभर अक्षर हललेलं न्हाई. त्येच्या फुडं दोन वळी गायब, मग थोड्या बरोबर, मग परत गायब. पंगतीला माणसाच्या तोंडात घास हाय आणि वाढपी आपला वाढतच सुटलाय, असं कायतरी हुतंय बघ."

जयराज तसाच विचार करत घरी गेला. दुसऱ्या दिवशी गाळ्यावर बसून त्यानं स्क्रिप्ट ओळीओळीनं तपासली. चूक सापडेना. पूजा जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा तो तिलाच सांगत सुटला, की काट्याचं कसं असतं, यंत्राचं कसं आहे, वेग कसा जुळवलाय, ओळ कशी संपवलीय. पूजा डबा हातात घेऊन उभी. शेवटी तिनं डबा टेबलावर आपटला.

"त्या यंत्राला तरी मधी थांब म्हणायला सवड देताय का? का त्येचीबी माझ्यावानी गत?"

जयराज बोलता बोलता थांबला. हीच मुळात दुर्मीळ गोष्ट. त्यानं पिशवीतून केबल काढली, तिचं टोक उघडलं आणि डोक्याला हात लावला. त्याच्या पिशवीतल्या सगळ्या केबली त्यानंच बनवलेल्या, तीन तारांच्या: एक बोलायची, एक ऐकायची, एक अर्थिंगची. काट्याला तेवढंच पुरतं. काटा बोलतो, कॉम्प्युटर ऐकतो, कुणी कुणाला थांबवत नाही. इतकी वर्षं त्यानं दुसरी केबल बनवलीच नव्हती. पण हे यंत्र एकेक ठिपका ठोकून उमटवणारं, सावकाशीचं. पोट भरलं की ते 'थांब' म्हणतं, आणि ते म्हणायला त्याला वेगळी तार असते. जयराजच्या केबलीत ती तारच नव्हती. यंत्र दर थोड्या ओळींनी थांब म्हणत होतं आणि ते कुठंच पोचत नव्हतं.

हे कळलं तेव्हा त्याला आनंद व्हायला हवा होता. झालं उलटंच. त्याच्या डोळ्यांपुढे पंचा गुंडाळलेले सुभेदार आले, सांगण्यासारखं सगळं पोटात, आणि पोचवणारी तार नाही. त्याला गलबलून आलं. पूजाला वाटलं, आपणच जास्त बोललो. तिनं डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला.

जेवण झाल्यावर त्यानं थांब म्हणणारी तार जोडून नवी केबल बनवली. स्क्रिप्टलाही नवं वळण लावलं: एक ओळ पाठवायची, मग त्या तारेकडे पाहायचं, यंत्र थांब म्हणत असेल तर गप उभं राहायचं. ती तार प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळ्या पद्धतीनं विचारावी लागते, तेही सगळं लिहिलं. लिहिताना तो एकदाही मोठ्यानं बोलला नाही, असं पूजा नंतर शेजारणीला सांगत होती.

हंबीररावांच्या सोप्यावर त्या रविवारी तीन कॉम्प्युटर मांडले होते. जयराजचा स्वतःचा, लिनक्सवाला. सुभेदारांचा मुलगा शिवतेज फौजेत भरती होण्याआधी वापरायचा तो जुना, विंडोजवाला. आणि अंकिताचा ऑफिसनं दिलेला मॅक, त्याला ते नऊ टाचण्यांचं तोंडच नसल्यामुळं मधे जयराजच्या पिशवीतला जोड लावलेला. एकावर चालून भागणार नव्हतं. अंकिता लग्न होऊन जाईल, तिचा लॅपटॉप तिच्याबरोबर जाईल. शिवतेजचा म्हातारा कॉम्प्युटर कधी राम म्हणेल सांगता येत नाही. उद्या घरात कुठलाही येवो, भावाचं बोलणं बहिणीपर्यंत पोचलं पाहिजे, असं जयराजच्या मनानं घेतलं होतं.

तिन्हींवरून आठही कडवी छापली. यंत्र आता पहिल्यासारखं धबाधबा ठोकत नव्हतं. थोडं ठोकायचं, दम घ्यायचं, पुन्हा ठोकायचं. प्रत्येक दमाला जयराज कागदाकडे वाकून पाहायचा. विजूआत्यानं तीनही प्रती शेवटापर्यंत वाचल्या, मधे कुणाला बोलू दिलं नाही.

"तिनी घरचं जेवान एकाच चवीचं हाय," ती म्हणाली. "न्हाई म्हणायला जागा ठेवली न्हाईस, गड्या."

जयराजनं उपरण्यानं तोंड पुसलं, म्हणजे डोळे पुसले. तोवर हंबीरराव उठून शिवतेजच्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले होते. त्यांनी घडीचा पेपर उघडला, एक बातमी डोळ्यांखालून घातली, आणि दोन बोटांनी एकेक कळ शोधत लिहायला सुरुवात केली. सगळे वाट पाहत बसले. यंत्र दणाणलं, कागद आला.

विजूआत्यानं पहिल्या ओळीवर बोटं टेकवली आणि एकदम ताठ झाली. दुसऱ्या ओळीला तिच्या ओठांचा कोपरा हलला. तिसऱ्या ओळीला ती अशी खदखदून हसली की राहीबाई घाबरून उठल्या.

"आगं बाई, काय लिवलंय तरी?"

"उसाच्या दराची बातमी हाय. आणि त्या मंत्र्याच्या सात पिढ्या काढल्यात. तुमी वाचून दावल्या नसत्या वहिनी, असल्या हायती." मग ती भावाच्या दिशेला वळली. "आला रं दादा. तुझा आवाज आला."

"आत्या, ठिपक्यांतून आवाज कसा येईल?" अंकिता हळूच म्हणाली.

"तुला कसं सांगू, पोरी. शिवी द्यायच्या आधी ह्यो जरा दम धरतो बघ, तेवढा दमसुदीक आला."

हंबीरराव खुर्चीत बसल्या जागी मान खाली घालून डोळे मिटून होते. जयराजला वाटलं, देवळात गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभं राहावं तसे आपण इथं उभे आहोत, आणि पायात चप्पल तर नाही ना म्हणून त्यानं खरोखरच खाली पाहिलं. केबल आपण बनवली, स्क्रिप्ट आपण लिहिली, पण आत्ता जे घडलं ते आपल्या हातचं नाही, एवढं त्याला पक्कं कळलं.

मग बहीण-भावाचा वाद सुरू झाला. तिनं मंत्र्याची बाजू घेतली, त्यांनी उत्तर छापलं, तिनं त्याच्यावर उत्तर दिलं. कागदांचा ढीग वाढत गेला आणि चहा दोनदा झाला.

दुपारी जेवणं उरकली. राहीबाई आणि अंकिता आतल्या खोलीत लग्नपत्रिकांना हळदकुंकू लावायला बसल्या. जयराज आपली पिशवी आवरत होता, तेवढ्यात हंबीररावांनी बोट वर करून खूण केली: अजून एक. ते पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसले. या वेळी पेपर उघडला नाही. थोडं लिहायचे, खोडायचे, खिडकीबाहेर पाहायचे. जयराजला वाटलं, एखादं कडवं बदलत असतील. बऱ्याच वेळानं त्यांनी कळ दाबली.

काट्याच्या कामात पोर्टमधून जाणारी प्रत्येक ओळ पडद्यावरही दिसती ठेवावी लागते, म्हणजे चूक पटकन सापडते. ती सोय या स्क्रिप्टमध्येही तशीच राहून गेली होती. सकाळच्या गोंधळात तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. आता यंत्र ठोकू लागलं, पडद्यावर एकेक ओळ वर सरकू लागली, आणि जयराजनं सवयीनं मान उचलून पाहिलं.

'विजू, गाठ परत आलीया. साताऱ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, आता कापून उपेग न्हाई. अंकीचं लगीन आनंदात हूं दे. तवर घरात कुणाला कळायला नको. तुला सांगितल्याबिगर मला राहवंना.'

जयराजचा हात आपोआप पुढे गेला आणि त्यानं पडदा बंद केला. हंबीररावांनी त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं. जयराजनं दोन्ही हात जोडले आणि मान खाली घातली. हंबीररावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, एवढंच.

यंत्र ठोकतच होतं. थांबत होतं, दम घेत होतं, ठोकत होतं. आतून अंकिताचा आवाज आला, "आबांनी परत कुणालातरी धरलं वाटतं." राहीबाई हसल्या. जी बातमी कळली असती तर हे घर आत्ता रडत सुटलं असतं, ती सगळ्यांच्या कानांवर आदळत होती आणि विजूआत्याशिवाय घरच्या कुणालाही ती कळणार नव्हती. पाटीवर ती लिहिता आली नसती. मोबाईलमधल्या बाईच्या तोंडी देता आली नसती. सुभेदारांनी ती किती दिवस एकट्यानं वागवली असेल, कोण जाणे.

कागद बाहेर आला. हंबीररावांनी तो स्वतः फाडून घेतला आणि बहिणीच्या मांडीवर ठेवला.

विजूआत्या वाचू लागली. बोटं पहिल्या ओळीवरून गेली, दुसरीवरून गेली. कुठं अडली नाहीत, कुठं थांबली नाहीत. शेवटच्या ओळीच्या टोकाला पोचल्यावर ती परत वर आली आणि तितक्याच संथपणे पुन्हा खालपर्यंत गेली. तिचा चेहरा हलला नाही. सकाळी याच चेहऱ्यावर शब्दाशब्दाची ऊन-सावली दिसत होती, आणि आता तो तिनं असा काही मिटून घेतला होता, की पाहणाऱ्याला काही उमगू नये. माणसाच्या अंगात हे बळ कुठून येतं, हे जयराजला कळेना.

राहीबाई दारात आल्या. बोटं कुंकवानं लाल झालेली. "आता काय म्हणत्यात?"

"काय म्हणणार, वहिनी," विजूआत्या म्हणाली. "पंगतीला बुंदी कमी पडू देऊ नका म्हणतुया. दोनदोनदा लिवलंय."

"आवं, सांगितलंय की आचाऱ्याला. लगीन लेकीचं, आन् जीव सगळा ह्येंचा बुंदीत," असं म्हणत त्या आत गेल्या.

विजूआत्यानं हात पुढे केला. हंबीरराव येऊन तिच्याशेजारी बसले. तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला, बोटं चाचपली, आणि हलक्या आवाजात म्हणाली, "कळलं, दादा. आता एकट्यानं वागवू नगो. रोज मला सांगत जा. जे असंल ते सांग."

त्यांनी मान हलवली. ती तिला दिसणार नव्हती, म्हणून मग तिचा हात दाबला.

जयराज त्यांच्याकडे पाठ करून कॉम्प्युटरसमोर बसला. त्यानं पडदा पुन्हा चालू केला, वरचा मजकूर न वाचता पुसला, आणि स्क्रिप्टमधून ओळी पडद्यावर दाखवणारं ते एक वाक्य काढून टाकलं. तिन्ही कॉम्प्युटरवर काढलं. इथून पुढे या तारेतून काय गेलं ते कुणालाच दिसणार नव्हतं, त्यालाही नाही. आयुष्यात त्यानं बरीच दुरुस्ती केली होती, पण इतक्या काळजीनं कधी केली नसेल.

त्याच्यामागे कागद सारल्याचा आवाज झाला. विजूआत्यानं तो कागद गादीखाली सरकवला होता आणि मंगलाष्टकांची प्रत मांडीवर घेतली होती.

"म्हणून बगू का एकदा?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता सुरुवात केली. आवाज खडा होता. कुठं चढायचं, कुठं थांबायचं, कुठल्या शब्दावर जोर द्यायचा, सगळं ठरल्यासारखं येत होतं. अंकिता कुंकवाची वाटी हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"आत्या," ती म्हणाली, "तू तर थेट आबांसारखं म्हणतीस."

विजूआत्यानं कडवं मोडलं नाही. तिच्या शेजारी हंबीरराव ताठ बसले होते, समोर भिंतीकडे पाहत, आणि त्यांचे ओठ शब्दाशब्दाला तिच्याबरोबर हलत होते.